अकराव्या उदाहरणातली माझी दुरुस्ती

मी शंकेखोर बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याने कमी दूध घातलं तर मला शंका येते, आणि जास्त घातलं तर दुप्पट येते. तुमसरच्या एका कॉलेजात मी वीसेक वर्षं कॉम्प्युटर शिकवते. या कामात शंका हा काही दुर्गुण नव्हे. मुलगा म्हणतो, "मॅडम, प्रोग्राम चालला." मी म्हणते, "माझ्यासमोर चालव." दहातल्या सात वेळा तो चालत नाही.

हा स्वभाव मला बाबांकडून आला. बाबा इथल्याच एका राइस मिलमध्ये धानाच्या आवकेवर होते. गेटमधून धानाच्या बैलबंड्या आत आल्या की हातात परखी घेऊन ते पोत्यापोत्यापाशी जायचे. परखी म्हणजे टोकदार लोखंडी नळी, एका बाजूने उघडी. पोत्याच्या पोटात खुपसायची, फिरवायची, ओढायची, की आतलं मूठभर धान तळहातावर येतं. रबराच्या दोन पट्ट्यांमध्ये ते घासून वरचं तूस काढायचं आणि आतला दाणा बघायचा. फुटका किती, ओला किती, पांढरट किती. बाबांनी मान हलवली की माल आत, नाही हलवली की बंडी आल्या वाटेने परत. "वरचा दाणा सगळ्यायचाच चांगला असते," ते म्हणायचे. "खालचा पाहाव."

पण आमच्या घरात त्यांच्याबद्दलच एक गोष्ट होती आणि ती कोणी बोलत नव्हतं. रोज संध्याकाळी मिलमधून येताना बाबा कापडी पिशवीत थोडं धान आणायचे. आठ-दहा दिवसांचं साठलं की आई ते गिरणीतून भरडून आणायची. त्याचा भात मोठा विचित्र असायचा. एक शीत चिन्नोर तांदळाचं बारीक, शेजारचं जाडं ठोकळ, एक शिजून गळालेलं, एक दाताखाली कचकन वाजणारं. शंभर शेतांचं धान एका पातेल्यात आलं तर दुसरं काय होणार? मिलमधले लोक त्या पिशवीबद्दल काय बोलतात ते मी चौथीत असताना वर्गातल्या एका मुलीकडून ऐकलं होतं. तेव्हापासून तो भात शिजला की माझं पोट दुखायचं. आई मला सकाळची भाकर द्यायची आणि मी ती कोपऱ्यात बसून खायचे. पुढे एक दिवस बाबांच्या हातातली परखी गेली आणि मिलने त्यांना पोत्यांची तोंडं शिवायला बसवलं. शिवता शिवताच ते म्हातारे झाले. मी त्यांना कधी काही विचारलं नाही. विचारायची गरज वाटली नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं.

हे सगळं आता सांगायचं कारण वेगळंच आहे.

आमच्या विभागाने मध्यंतरी मराठीतून प्रात्यक्षिकांची एक पुस्तिका करायला घेतली. विषय अ‍ॅरे, म्हणजे आकड्यांच्या रांगा आणि त्यांच्यावरचं गणित. हजार आकडे एका रांगेत ठेवायचे आणि एका ओळीच्या हुकमात सगळ्यांमधून पाच वजा करायचे, असलं ते काम. चाळीस उदाहरणं हवी होती. प्रत्येकात आधी प्रोग्राम आणि खाली त्याचं उत्तर. लिहायचं काम एका तासिका तत्त्वावरच्या मॅडमकडे गेलं आणि तपासायचं माझ्याकडे आलं. तासिका तत्त्वावर म्हणजे नोकरी कायमची नाही. दर वर्षी नव्याने मुलाखत द्यायची, आणि विभागाने हो म्हटलं तर पुढच्या सत्रात तास मिळणार.

ही मॅडम म्हणजे माझीच जुनी विद्यार्थिनी. मोहाडीकडच्या एका खेड्यातून एसटीने येते. वर्गात होती तेव्हा तोंडातून शब्द निघायचा नाही, आणि आता मुलं शंका विचारायला तिच्याच टेबलाभोवती जमायची. कानामागून आली नि तिखट झाली! मला त्याचं काही वाटत नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना आपणहून सांगत होते.

उदाहरणांतले आकडे तिने आपल्या गावच्या तलावाचे घेतले होते. त्यांचा बसथांबा तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून आहे, आणि पाण्यात फुटांच्या खुणा केलेला एक दगडी खांब आहे. सकाळी गाडीची वाट बघता बघता तिने पाण्याची पातळी लिहून घेतली होती. तीस दिवस, तीस आकडे. वाचल्या वाचल्या मी तिला विचारलं, "तीस दिवस सलग? रविवारी कुठं येतेस तू कॉलेजात?"

"रविवारी धुणं असते न मॅडम," ती म्हणाली. "तलावावरच."

उत्तर बिनतोड होतं, म्हणून मला ते आवडलं नाही.

पहिल्या फेरीत मी एकेक उदाहरण वाचून तपासलं. तीन चुका सापडल्या आणि त्या खऱ्या होत्या. तिसऱ्या उदाहरणात कंस बंद केला नव्हता. पाचव्यात उत्तरात आठ आकडे छापले होते, पण त्या हुकमाने सातच येतात, कारण तो शेवटचा आकडा धरत नाही. नवव्यात आडव्या ओळी आणि उभे रकाने यांची अदलाबदल झाली होती. सातव्यासारख्या एक-दोन ठिकाणी मी आपल्या मनाने किरकोळ फेरफारही केले. अशा चुका कोणाच्याही पुस्तकात निघतात, माझ्या स्वतःच्या नोट्समध्ये तर ढिगाने आहेत. पण मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

आता अकरावं उदाहरण जरा सावकाश सांगते. त्यात तिने पहिल्या सात दिवसांचे आकडे वेगळे काढले होते आणि प्रत्येकातून दीड फूट वजा केलं होतं. तळाशी तेवढा गाळ आहे, त्याला पाणी कसं म्हणायचं? फक्त ते सात आकडे काढताना तिने 'कॉपी' असा एक जास्तीचा शब्द घातला होता. या प्रोग्रामिंगच्या भाषेत रांगेतला एक तुकडा मागितला तर मशीन नवा तुकडा करून देत नाही, त्याच रांगेतली तेवढी जागा दाखवतं. तुकड्यात काही बदललं की मूळ रांगेत बदललं. वेगळा तुकडा हवा असेल तर कॉपी मागावी लागते. हे मी दर वर्षी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे, असा मुलांना दम देते.

आणि तरी मी तो शब्द खोडला. परीक्षेचे दिवस होते, पेपरांचा गठ्ठा शेजारी पडला होता, आणि मला वाटलं, नवशिक्यांना कशाला उगीच घोळात घ्यायचं? सात आकडे छापायचे, छापले की संपलं. शब्द खोडून उदाहरण चालवून बघितलं. सात आकडे बरोबर आले. समासात मी ऐटीत लिहिलं, 'सोपे केले', आणि पान उलटलं. त्यानंतर ते साफ विसरून गेले.

दुसरी फेरी दिवाळीच्या सुट्टीनंतरची. या वेळी चाळीसही उदाहरणं पहिल्यापासून ओळीने चालवून पुस्तिकेतलं उत्तर आणि मशीनचं उत्तर शेजारी ठेवून बघायचं होतं. अकरापर्यंत सगळं जुळलं. बाराव्यात तीस दिवसांची सरासरी होती. पुस्तिकेत नऊ पूर्णांक चार, आणि मशीन म्हणतं नऊ पूर्णांक शून्य पाच. तेरावं जुळेना. चौदावं जुळेना. थेट विसाव्यापर्यंत एकही जुळेना. एकविसाव्यापासून आकडे नवे होते, तिथून गाडी पुन्हा रुळावर आली.

सलग नऊ उदाहरणं चुकलेली! मला जो आनंद झाला तो आनंदच होता, त्याला दुसरं नाव देत नाही. माझी शंका खरी निघाली होती. आजकाल मोबाइलवर एका वाक्यात मागितलं की चाळीस उदाहरणं लिहून देणारी यंत्रं आहेत. ती खालचं उत्तरही ठोकून देतात, बरोबर असो की नसो. नऊ पूर्णांक चार हा आकडा मला आता फारच गुळगुळीत वाटायला लागला. खऱ्या तलावाची सरासरी इतकी नेटकी येते होय? तलाव तरी आहे का त्या गावात? मोहाडीकडच्या आमच्या शिपायाला मी आडून आडून विचारलंसुद्धा. तलाव होता.

मग मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. तिच्या टेबलाजवळून जाताना तिच्या मोबाइलवर डोळा टाकायचा. ती लॅबमधून उठली की ती बसली होती त्या मशीनवर काय उघडं राहिलंय ते बघायचं. एकदा दुपारी ती एका वहीत काहीतरी लिहीत होती. मी आले तशी तिने वही पटकन मिटली आणि पदराखाली घेतली. झालं. माझ्या लेखी खटल्याचा निकाल लागला.

मुलाखती सोमवारी होत्या. त्याच्या आठवडाभर आधी विभागप्रमुख सरांनी मला बोलावलं. सर मूळचे वाणिज्य शाखेचे, अ‍ॅरेशी त्यांचा संबंध नाही. ते म्हणाले, "मॅडम, पुस्तिकेवरून तुमचं जे मत असेल ते एका ओळीत द्या. पुढच्या सत्रात यांना तास द्यायचे की नाही ते त्यावर ठरवतो." मी तिथंच कागद घेतला आणि लिहिलं: 'उदाहरणे प्रत्यक्ष चालवून पाहिलेली दिसत नाहीत.' ओळ मला फार आवडली. मोजकी आणि सभ्य. घरी येताना मी ती मनात दोनदा म्हटली.

शनिवारी दुपारी ती लॅबमध्ये माझ्यासमोर उभी राहिली. सरांनी तिला ओळ वाचून दाखवली होती.

"मॅडम, मी चालवून नाई पायलं, असं लिहिलं तुमी?"

"बारापासून वीसपर्यंत एकही उत्तर जुळत नाही."

"एकही नाई?"

"एकही नाही. कुठून घेतलीस ती उत्तरं?"

तिने बॅगेतून वही काढली आणि माझ्या टेबलावर आपटली. चौकटीची शाळकरी वही. तीच, त्या दिवशी मिटलेली. "घरी कॉम्प्युटर नाई माह्या," ती म्हणाली. "गाडीत बसून लिहा लागते. बेरीज-वजाबाकी हातानं करा लागते. मंग इथं येऊन मशीनवर पाहा लागते. दोन्ही जुळलं तरच म्या उतरवलं."

"मग मला बघून वही का मिटलीस?"

"काहून म्हणजे? कॉम्प्युटरच्या मॅडम अन् बोटावर बेरजा करून राहिल्या, असं तुमीच हासले असते." तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. घड्याळाकडे बघून म्हणाली, "चारची गाडी आहे माही. वही ठेवून जातो. पाहा तुमी."

ती गेल्यावर मी वही उघडली ती तिची चूक पकडायलाच. खोटं कशाला सांगू? तीस आकडे होते, पेन्सिलीने, एकाखाली एक. मी ते हाताने बेरजेला घेतले. दोनशे ब्याऐंशी. तिसाने भागले, नऊ पूर्णांक चार. खालून वर पुन्हा बेरीज केली. दोनशे ब्याऐंशीच. वहीतले आकडे आणि पुस्तिकेत छापलेले आकडे एकेक करून ताडून बघितले. तेच होते.

म्हणजे पोरगी बरोबर आणि मशीन चूक? मशीनवर शंका घेण्याची वेळ माझ्यावर वीस वर्षांत आली नव्हती. मी शेजारच्या मशीनवर बसले, सगळं पुन्हा चालवलं. नऊ पूर्णांक शून्य पाच. मग माझी शंका फाइलवर गेली. फाइल कोणी बदलली? लॅबची किल्ली शिपायाकडे असते, एक माझ्याकडे. शिपाई गाळाबिळाच्या भानगडीत कशाला पडेल? पुन्हा मनात आलं, तिनेच काही करून ठेवलं असेल, मला तोंडघशी पाडायला. पण स्वतःचीच उदाहरणं बिघडवून कोणी स्वतःचे तास घालवतं का?

शेवटी मी फरक मांडला. मशीनच्या हिशेबाने बेरीज येत होती दोनशे साडेएकाहत्तर. दोनशे ब्याऐंशीतून ती गेली, उरले साडेदहा. साडेदहा फूट पाणी कुठं गेलं? मी तो आकडा कागदावर फोडून बघितला. साडेदहा म्हणजे सात दीड.

सात दिवस, प्रत्येकी दीड फूट. मी पानं मागे उलटली. अकराव्या उदाहरणाच्या समासात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'सोपे केले'.

कॉपी हा शब्द मी काढला होता. त्यामुळे तिने सात आकड्यांच्या वेगळ्या तुकड्यातून वजा केलेला गाळ माझ्या दुरुस्तीनंतर मूळ रांगेतूनच वजा झाला, आणि पुढची नऊ उदाहरणं त्या खराब झालेल्या रांगेवर चालली. अकराव्याचं स्वतःचं उत्तर तेवढं बरोबर दिसत राहिलं.

मला लाज वाटली. पण लाजेच्या आधी मी जो विचार केला तो सांगायला हवा. मी विचार केला, हे कोणाला कळेल? सरांना कॉपी म्हणजे झेरॉक्स एवढंच ठाऊक. तिला मी काय खोडलं हे माहीतच नाही, दुरुस्त केलेली प्रत अजून माझ्याकडेच होती. शब्द परत घालायला अर्धं मिनिट पुरे. सोमवारी सकाळी सरांना म्हणायचं, "तिने उत्तरं सुधारून दिलीत, आता जुळतात, द्या तिला तास." तास तिला मिळतील, माझी मान ताठ राहील, वर मोठ्या मनाची बाई म्हणून नाव होईल. मी शब्द परत घातला. सगळं चालवलं. नऊच्या नऊ उत्तरं जुळली. मशीन बंद केलं, ती वही माझ्या पिशवीत घातली आणि घरी आले.

बाबा ओसरीवर सुपात तांदूळ घेऊन खडे वेचत होते. ऐंशी उलटली आहे, तरी ते काम ते कोणाला देत नाहीत. माझ्याकडे न बघता म्हणाले, "काय झालं व? तोंड काहून असं?"

अ‍ॅरे बाबांना काय सांगणार? मी त्यांच्या पायाशी बसले आणि त्यांना समजेल असं बोलले. "समजा बाबा, एका पोरीचा पोता माह्याकडे तपासाले आला. म्या त्यातलं मूठभर काढलं. घासलं, फोडलं, अन् तसंच पोत्यात परत टाकून देल्लं. मंग दुसऱ्यांदा परखी घातली तं माह्यानंच फोडलेलं धान माह्या हातात आलं. अन् मी म्हणून बसली का पोरीचा माल खराब आहे."

बाबांचा हात सुपात थांबला. मग त्यांनी वर बघितलं, आणि त्यांच्या नजरेत शंका होती, अगदी माझी असते तशी.

"तुले कोणं सांगतलं हे?"

"काय?"

"हेच. पोत्याचं."

"कोणी नाई. माहीच गोष्ट सांगून राहिली मी. कॉलेजातली."

त्यांना आधी खरं वाटलं नाही. मी दोनदा सांगितलं तेव्हा ते सूप खाली ठेवून भिंतीला टेकले, आणि मग तुटक तुटक बोलायला लागले. त्यांनी जे सांगितलं ते असं. तेव्हा तपासलेलं मूठभर धान त्याच पोत्यात परत टाकायची रीत होती. एकदा मोहाडीकडची एक बंडी आली. बाबांनी तपासलं, माल चांगला होता. तेवढ्यात मिलवाल्याने सांगितलं, पुन्हा एकदा बघ. बाबांनी घाईत परखी त्याच भोकात घातली, कारण तिथं पोतं आधीच सैल झालं होतं. हातात आलं ते अर्धंमुर्धं तूस निघालेलं, फुटकं धान. त्यांना वाटलं, मळणीतच फुटलेला माल आहे, वरून चांगला लावलाय. बंडी परत पाठवली. शेतकरी हात जोडत होता, धान चांगलं आहे म्हणत होता.

"अन् मी त्याले म्हटलं, मले शिकवू नको."

दोन दिवसांनी दुसऱ्या एका पोत्यात तसंच झालं, तेव्हा बाबांच्या लक्षात आलं की ते फुटकं धान त्यांच्याच हातचं होतं. त्या दिवसापासून त्यांनी मूठ पोत्यात परत टाकणं बंद केलं.

"खाली फेकून द्यायचं," मी म्हणाले.

"खाली पडलेलं झाडून पुन्हा पोत्यातच जाते," बाबा म्हणाले. "अन् अन्न आहे ते. म्हणून पिशवीत टाको."

पिशवी. इतक्या वर्षांत मला हे सुचलं नव्हतं, आणि माझा धंदा काय, तर तपासण्याचा.

"मंग मिलमध्ये सांगतलं काहून नाई तुमी?"

"कसा सांगू? सांगतलं असतं तं ते बंडीचं बी सांगा लागलं असतं. मले वाटलं, परखी जाईन हातातून." त्यांनी सूप जवळ ओढलं. "ते तसंही गेलीच. चोर म्हणून गेली. चुकला म्हणून गेली असती तं बरं होतं."

मग त्यांनी पुन्हा सूप उचललं. "तू सांग," एवढंच म्हणाले.

सोमवारी मी सरांच्या खोलीत गेले तेव्हा ती बाहेर बाकावर बसली होती, दोन-तीन उमेदवारांच्या मध्ये. मी तिला आत बोलावलं. सर म्हणाले, "त्यांचा नंबर अजून आला नाही." मी म्हणाले, "मला जे सांगायचंय ते हिच्यासमोर सांगायचंय." आणि सांगितलं. कोणता शब्द खोडला, का खोडला, मग नऊ उदाहरणं कशी बिघडली, आणि ती ओळ मी कशाच्या जोरावर लिहिली, तेसुद्धा. शनिवारी शब्द गुपचूप परत घातला होता, हेही सांगितलं. वही तिच्या हातात दिली.

सरांनी माझा तो एका ओळीचा कागद समोर ओढला. मग त्यांनी बरोबर तोच प्रश्न विचारला जो मी त्यांच्या जागी विचारला असता. "मॅडम, मग तुमच्या बाकीच्या दुरुस्त्यांवर तरी भरवसा ठेवायचा का?"

"ठेवू नका," मी म्हणाले. "यांच्याकडून तपासून घ्या."

ती माझ्याकडे बघत नव्हती. वहीची कड नखाने खरवडत होती.

तिला तास मिळाले. मला तिने धन्यवाद दिले नाहीत, आणि द्यायचं काही कारणही नव्हतं. आठ दिवसांनी माझ्या सगळ्या दुरुस्त्यांचा कागद माझ्या टेबलावर आला. प्रत्येकीपुढे पेन्सिलीची खूण होती. सातव्या उदाहरणापुढे मात्र लिहिलं होतं, 'दुरुस्ती नको होती. मूळचे बरोबर.' मला राग आला, चांगलाच आला. दोन मशीनवर बसून, एकदा हाताने करून बघितलं. मूळचंच बरोबर होतं. अकराव्याच्या वर तिने स्वतःची एक ओळ घातली होती: 'कॉपी काढू नये.' पुस्तिका तशीच छापली गेली. आता मी स्टाफरूममध्ये काही म्हटलं की ती लगेच हो म्हणत नाही, आधी बघते. माझ्यावर पाळत आहे, हे मला कळतं.

तो कागद आला त्या संध्याकाळी बाबा आणि मी जेवायला बसलो होतो. मी त्यांना पोरीला तास मिळाल्याचं सांगितलं.

"अन् तुह्यं?"

"माह्यं काय? माह्यावर शंका घेते ते आता."

बाबा हसले. "होते सवय," म्हणाले आणि भात कालवायला लागले.

मी पानातला भात नुसता बोटांनी सारखा करत होते. मग एकदाचं बोलून टाकलं. "बाबा, मले बी तसंच वाटे. का तुमी ते धान चोरून आणता."

त्यांनी घास तोंडात घातला, सावकाश चावला, गिळला.

"मालूम होतं," ते म्हणाले. "तो भात रांधला का तुह्यं पोट दुखे."